वल्हेकरी, शिपाई आणि सुवर्णकाळ

जगाच्या इतिहासाची पाठ्यपुस्तके एका वाक्यावर फार प्रेम करतात. मूठभर ग्रीकांनी इ. स. पू. ४९० मध्ये मॅरेथॉनला आणि ४८० मध्ये सॅलॅमिसला बलाढ्य इराणी साम्राज्याचा पराभव केला, त्या विजयाने अथेन्सचा आत्मविश्वास जागा झाला आणि त्या आत्मविश्वासातून पार्थेनॉन, शोकांतिका, इतिहासलेखन आणि तत्त्वज्ञान जन्माला आले. सांगली जिल्ह्यातील एका महाविद्यालयात मी हे वाक्य काही वर्षे शिकवीत आलो आहे. ते खोटे आहे असे मी म्हणत नाही. पण आत्मविश्वासाने दगड उचलला जात नाही आणि वल्हेही मारले जात नाही. म्हणून युद्धातून संस्कृती फुलली असे कोणी सांगू लागले की दोन गोष्टी विचाराव्यात : पैसा कोठून आला, आणि लढाई संपल्यावर लढलेल्या हातांचे काय झाले?

हे प्रश्न अथेन्सला विचारता विचारता मला सातारा आणि सांगली दिसू लागले. या लेखात तेच मांडायचे आहे.

प्रथम पैसा. अथेन्सच्या दक्षिणेस लॉरियन येथे चांदीच्या खाणी होत्या. इ. स. पू. ४८३ च्या सुमारास तेथे चांदीचा मोठा साठा लागला. ती चांदी नागरिकांत वाटून टाकावी असा विचार चालला असता थेमिस्टोक्लिसने ती युद्धनौकांवर खर्च करावयास लावली. सॅलॅमिसचे आरमार असे उभे राहिले. खाणीत उतरत होते गुलाम. माणूस ताठ उभा राहू शकणार नाही अशा बोगद्यांत, तेलाच्या दिव्याच्या उजेडात. सॅलॅमिसच्या विजयाचे वर्णन करताना या बोगद्यांत शिरणारा प्राध्यापक मला क्वचितच भेटला आहे.

इराण्यांचा धोका टळल्यावर इ. स. पू. ४७८ मध्ये बेटांचा आणि किनाऱ्यावरील नगरांचा एक संघ झाला. प्रत्येकाने जहाजे द्यावीत किंवा पैसा द्यावा, आणि अथेन्सने संरक्षण करावे. संघाचा खजिना डिलॉस बेटावर होता. ४५४ मध्ये तो अथेन्सला आणला गेला आणि ४४७ मध्ये पार्थेनॉनचे काम सुरू झाले. त्या मंदिराचा नेमका किती भाग या खंडणीतून उभा राहिला याबद्दल अभ्यासकांत वाद आहे. पण खंडणी लपविली जात नव्हती हे निश्चित. डायोनिससच्या उत्सवात, नाटके सुरू होण्यापूर्वी, अंकित नगरांनी आणलेले चांदीचे ढीग नाट्यगृहात सर्वांसमोर मांडले जात. युद्धात मेलेल्यांची मुले, वयात आल्यावर, सरकारी खर्चाने दिलेल्या चिलखतात तेथेच मिरवली जात. मग नाटक सुरू होई. जगातली श्रेष्ठ शोकांतिका अशा रंगमंचावर जन्मली. ती श्रेष्ठ आहेच. एस्किलस स्वतः मॅरेथॉनला लढलेला माणूस होता, आणि तरीही ४७२ च्या आपल्या नाटकात त्याने हरलेल्या इराण्यांच्या राजवाड्यातले रडणे ग्रीकांना ऐकविले. हे सोपे काम नव्हे. मला एवढेच म्हणायचे आहे की या रंगमंचावर पुढे चांदीचे ढीग मांडले गेले हे विसरून अथेन्सच्या शोकांतिका वाचू नयेत.

अक्रोपोलिसवरच्या दुसऱ्या एका मंदिराचे, इरेक्थिऑनचे, मजुरीचे हिशेब दगडावर कोरलेले सापडले आहेत. त्यांत नागरिक, परदेशी रहिवासी आणि गुलाम हे तिघेही एकाच कामावर दिसतात. रोजही बहुधा सारखाच, सुमारे एक द्राक्मा. छिन्नी तीच, घाम तोच. गुलामाचा रोज मात्र त्याच्या मालकाच्या हातात पडे.

आता साताऱ्याला येऊ.

१७०८ साली शाहूंचा राज्याभिषेक साताऱ्यास झाला आणि १७१९ साली मोगल बादशहाकडून चौथाई आणि सरदेशमुखीच्या सनदा मिळाल्या. चौथाई म्हणजे तरी काय? संरक्षणाच्या नावाखाली दुसऱ्याच्या मुलुखातून घ्यावयाचा वसुलाचा चौथा हिस्सा. डिलॉसच्या संघातील वर्गणीची ही सख्खी बहीण. पुढे सत्ता साताऱ्याहून पुण्याला सरकली, पैसाही सरकला. त्यातला एक प्रवाह श्रावणातल्या दक्षिणेच्या रूपाने ब्राह्मणांत वाटला गेला. दुसरा सरदारांच्या वाड्यांत मुरला. तिसरा, बारीकसा, शाहिरांपर्यंत आला. लावणी आणि पोवाडा यांचा जो बहर आपण पेशवाईच्या उत्तरार्धात पाहतो, त्याच्या मागे या मोहिमा आहेत. मोहिमेवर गेलेल्या नवऱ्याची वाट पाहणारी स्त्री लावणीत इतक्या वेळा का येते याचे उत्तर शृंगारशास्त्रात शोधण्यापेक्षा फौजेच्या हजेरीपटात शोधावे.

राज्य बुडाले तरी दक्षिणा बुडाली नाही. इंग्रजांनी ती कमी करीत करीत चालू ठेवली आणि तिच्यातून मराठी ग्रंथांना बक्षिसे देणारी कमिटी निघाली. १८५५ साली जोतीराव फुल्यांनी 'तृतीय रत्न' हे नाटक लिहून या कमिटीकडे पाठविले. जोतीरावांचे मूळ घराणे खटाव तालुक्यातल्या कटगुणचे, म्हणजे आमच्याच बाजूचे. कमिटीने नाटक नाकारले. कुणब्याला जोशी कसा लुबाडतो ते दाखविणारे हे नाटक छापून लोकांसमोर यायला १९७९ साल उजाडावे लागले. ज्यांच्या घामातून वसूल झाला त्यांच्या बाजूने लिहिलेल्या नाटकाला त्याच वसुलातून निघालेल्या निधीत जागा नव्हती.

याच्या बारा वर्षे आधी, १८४३ साली, सांगलीला विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' रंगभूमीवर आणले होते. कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचे खेळ पाहून चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धनांनी तसे काही मराठीत करावे असे सुचविले आणि दरबारच्या आश्रयाने ते झाले. त्या स्मरणार्थ ५ नोव्हेंबर हा मराठी रंगभूमी दिन पाळला जातो. सांगलीकर म्हणून मला त्याचा आनंद आहे. पण पटवर्धनांचे वैभव हे पेशव्यांच्या सरदारांचे वैभव होते, लढायांत मिळविलेले. आणि त्या लढायांत कोण होते? मिरजेजवळच्या कळंबीच्या शिदनाक महाराची हकिकत आपल्याकडे सांगितली जाते. १७९५ च्या खर्ड्याच्या स्वारीत त्याचा तंबू इतरांच्या तंबूंजवळ पडला म्हणून विटाळाची तक्रार झाली. हे जेवणाचे पान नव्हे, तलवारीचे मैदान आहे असा कोणी जाणत्याने निवाडा दिला. आणि त्याच लढाईत शिदनाकाने परशुरामभाऊ पटवर्धनांचा जीव वाचविला. खर्ड्यावर पोवाडे पुष्कळ झाले. शिदनाक आपल्या लोकांच्या तोंडी राहिला. तमाशाच्या फडात सोंगे, संवाद, गाणे आणि हशा घेऊन उभे राहणारे मांग, महार, कोल्हाटी कलावंत १८४३ च्या आधीही होतेच. पण रंगभूमीचा इतिहास एका विशिष्ट तारखेपासून मोजायचा ठरले की तिच्या आधीचे सगळे आपोआप 'लोककला' होते. अथेन्सच्या नाट्यगृहात पुढची आसने कोणासाठी राखीव होती हे आपण वाचतो तेव्हा आपल्याकडचीही आसनव्यवस्था आठवावी.

असो. एवढ्यावर थांबलो तर हा लेख 'संस्कृती म्हणजे लूट' असे म्हणून संपेल, आणि ते अर्धेच खरे ठरेल. कारण युद्धात आणखी एक गोष्ट घडते. वरच्यांना खालच्यांच्या हातांची गरज पडते.

सॅलॅमिसची नौका तीन ओळींत बसलेले सुमारे १७० वल्हेकरी ओढीत. घोडा आणि चिलखत परवडणारे लोक जमिनीवर लढत. वल्ह्यावर बहुतांशी बसे तो थीट, म्हणजे ज्याच्याजवळ अंगमेहनतीशिवाय काही नाही असा सर्वांत खालच्या वर्गातला नागरिक. अथेन्सचे सामर्थ्य आरमारात आले तसे या माणसाचे वजन वाढले. सभेत त्याचे मत मोजले जाऊ लागले. पेरिक्लिसच्या काळात न्यायसभेत बसण्याबद्दल भत्ताही मिळू लागला. त्याच शतकातल्या एका अनामिक लेखकाचे छोटे पुस्तक उपलब्ध आहे. हा लेखक श्रीमंतांच्या बाजूचा, लोकशाहीचा तिरस्कार करणारा. तरी तो कबूल करतो की गरिबांना येथे अधिक मिळते ते न्याय्यच आहे, कारण जहाजे तेच चालवितात. शत्रूने दिलेल्या या कबुलीइतकी चांगली साक्ष दुसरी नाही. अथेन्सच्या बहरात जे खरोखर नवे होते, हजारो सामान्य माणसांनी बसून नाटक ऐकणे, वाद ऐकणे, निकाल देणे, ते वल्ह्यावरच्या घट्ट्यांतून आले.

आपल्याकडचा वल्हेकरी म्हणजे कंपनीच्या पलटणीतला महार शिपाई. १ जानेवारी १८१८ च्या कोरेगावच्या स्तंभावर 'नाक' प्रत्यय असलेली २२ नावे आहेत हे या नियतकालिकाच्या वाचकांना नव्याने सांगायला नको. पण मला त्या स्तंभापेक्षा पलटणीतली शाळा अधिक महत्त्वाची वाटते. बाबासाहेबांचे चरित्रकार धनंजय कीर यांनी नोंदविले आहे की लष्करात असलेल्यांच्या मुलामुलींना तेथे शिक्षण सक्तीचे होते. गावात ज्याच्या सावलीचा विटाळ, त्याच्या मुलीच्या हातात छावणीत पाटी. रामजी सकपाळ हे सुभेदार तर होतेच, पण लष्करी शाळेचे हेडमास्तर होते. कबीरपंथी घर, पहाटे भजन, संध्याकाळी मुलांकडून पाठांतर. ते निवृत्त झाले, दापोलीहून साताऱ्यास नोकरीसाठी आले, आणि ७ नोव्हेंबर १९०० रोजी त्यांचा मुलगा भीमराव साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात पहिल्या इंग्रजी इयत्तेत दाखल झाला. आज ते प्रतापसिंह हायस्कूल म्हणून ओळखले जाते आणि तो दिवस महाराष्ट्रात विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. बसायला घरून आणलेले गोणपाट, आणि शिपाई नसला तर नळाचे पाणी नाही, हेही त्याच शाळेतले. बाबासाहेबांनी ते स्वतः लिहून ठेवले आहे. छावणीचे दार आणि गावाचे दार यांतले अंतर एका नऊ वर्षांच्या मुलाने साताऱ्यात रोज चालून मोजले.

दार उघडले कशासाठी? माणुसकीसाठी नाही, हातांच्या गरजेसाठी. म्हणून गरज संपताच ते लागले. १८५७ नंतर फौजेची फेरमांडणी झाली, 'लढवय्या जाती' नावाचे एक शास्त्र सेनापती रॉबर्ट्स यांच्या काळात रूढ झाले, आणि १८९२-९३ च्या सुमारास महारांची भरती बंद पडली. ज्यांनी राज्य मिळवून दिले ते एकाएकी लढवय्ये राहिले नाहीत. पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडली तेव्हा १९१७ साली १११ वी महार पलटण उभी केली आणि १९२१ साली ती मोडली. दुसऱ्या महायुद्धात पुन्हा आठवण झाली. १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली.

अथेन्सचेही असेच झाले. इ. स. पू. ३२२ मध्ये मॅसिडोनियाशी झालेल्या युद्धात अथेन्सचे आरमार अमॉर्गॉसजवळ बुडाले. विजेत्याने अट घातली : दोन हजार द्राक्मांपेक्षा कमी मालमत्ता असलेल्यास मताधिकार नाही. प्लुटार्क म्हणतो की बारा हजारांहून अधिक लोक एका दिवसात नागरिकत्वाला मुकले. आरमार गेले, त्याबरोबर वल्हेकऱ्याचे मतही गेले. स्पार्टाची रीत याहून भयंकर. तेथील भूदास, ज्यांना हेलॉट म्हणत, त्यांना जाहीर करण्यात आले की युद्धात ज्यांनी उत्तम कामगिरी केली त्यांनी पुढे यावे, त्यांना स्वातंत्र्य देऊ. दोन हजार जण निवडले गेले. डोक्यावर हार घालून ते देवळांना प्रदक्षिणा घालून आले. मग ते नाहीसे झाले. प्रत्येकाचा शेवट कसा झाला हे कोणालाच कळले नाही, असे थ्युसिडिडीज लिहितो. जो मुक्ती मागायला सर्वांत आधी पुढे येईल तोच उद्या बंड करील, हा स्पार्टाचा हिशेब.

आमच्या पूर्वजांच्या बाबतीत मात्र एक गोष्ट सरकारला परत घेता आली नाही. अक्षर. पलटणीतून निवृत्त झालेल्या गोपाळबाबा वलंगकरांनी 'विटाळविध्वंसन' लिहिले आणि १८९४ साली भरतीबंदीविरुद्ध अर्ज तयार केला. रामजी सुभेदारांनी याच प्रश्नावर न्यायमूर्ती रानड्यांची मदत मागितली होती. शिवराम जानबा कांबळ्यांनी १९०३ साली सासवडला ५१ गावांच्या महारांची सभा भरविली, १९१० साली विलायत सरकारपर्यंत अर्ज पोचविला. हे अर्ज आज कोणी 'साहित्य' म्हणून वाचीत नाही. मी वाचतो. आर्जवी इंग्रजी वळणाची भाषा आहे, राजनिष्ठेची पालुपदे आहेत. पण आम्ही माणूस आहोत याचा पुरावा क्रमवार मांडण्याची रीत तेथे प्रथम दिसते, आणि पुढे बाबासाहेबांच्या गद्यात जी धार येते तिची सहाण येथे आहे. आपला सांस्कृतिक बहर दार उघडे असताना आला नाही. दार लागल्यावर, बाहेर उभे राहून, आत शिकलेल्या अक्षरांनी तो सुरू झाला.

त्याला वेळ मात्र फार लागला. माझे पणजोबा १९४१ नंतर महार रेजिमेंटात भरती झाले. त्या काळी फौजेत शिपायाला हिंदुस्थानी भाषा रोमन लिपीत शिकवीत. पणजोबांना तेवढीच लिपी येई. देवनागरी येत नसे, त्यामुळे घरचे पत्र दुसऱ्याकडून वाचून घ्यावे लागे. आजोबा चौथीपर्यंत, वडील सातवीपर्यंत, आणि मग मी. एका पलटणीतल्या त्या अक्षरांपासून खटाव तालुक्यातल्या आमच्या घरात पदवी यायला चौथी पिढी लागली. फौजेने आपल्याला घडविले असे अभिमानाने सांगणाऱ्या कार्यकर्त्यांनी हे अंतरही सांगावे.

आणि आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे, ती आपल्यालाच टोचणारी आहे. मत मिळाल्यावर अथेन्सच्या थीटाने काय केले? इ. स. पू. ४५१ मध्ये त्याच सभेने कायदा केला की आई आणि बाप दोघेही अथेन्सचे असतील तरच नागरिकत्व. ४१६ मध्ये मेलॉस बेटाने संघात येण्यास नकार दिला तेव्हा तेथील पुरुषांना मारले गेले, बायकामुले गुलाम म्हणून विकली गेली. पुढच्याच वसंतात युरिपिडीजने हरलेल्या ट्रॉयच्या स्त्रियांचे नाटक त्याच लोकांसमोर केले. त्याला दुसरे बक्षीस मिळाले. अथेन्सच्या गुलामांना या बहराचे काय वाटत होते हे विचारण्याची सोय नाही, पण ४१३ मध्ये स्पार्टाचे ठाणे जवळ येताच वीस हजारांहून अधिक गुलाम पळून गेले, असे थ्युसिडिडीजच सांगतो. त्यांतले बरेचसे कुशल कारागीर होते. उत्तर मिळाले म्हणायचे.

गेल्या वर्षी मी वर्गात एक लहानसे काम दिले : तुमच्या घरात कोणत्याही युद्धातून आलेले काय आहे ते लिहून आणा. वर्गात खटाव-माणकडचीही मुले आहेत, आणि सातारा हा सैनिकांचा जिल्हा. अपशिंगे गावाच्या तर नावापुढेच 'मिलिटरी' लागते. पेन्शनचे पुस्तक, बिल्ला, काळी लोखंडी ट्रंक, कांबळे, भिंतीवरचा फोटो असे पुष्कळ काही आले. जतकडच्या एका मातंग मुलीने दोनच ओळी लिहिल्या : आमच्या घरात काही नाही. गावातले जवान घरी आले की आमचे आजोबा वेशीपर्यंत हलगी वाजवायला जायचे.

मी तो कागद जपून ठेवला आहे. कंपनीच्या फौजेत मांग नव्हते असे नाही. पण सुभेदार, शाळा, पेन्शन, अर्ज अशी सलग वाट त्या समाजाला मिळाली नाही. उलट त्यांच्यातल्या कित्येकांच्या माथी गुन्हेगार जमातीच्या कायद्याची हजेरी आली. आपल्या चळवळीचा इतिहास सांगताना आपण पलटणीचे दार सर्वांचे दार म्हणून सांगतो तेव्हा वेशीवर हलगी घेऊन थांबलेला माणूस आपल्या मागे राहतो.

त्या बाजूचा एक माणूस मात्र युद्ध वेगळ्याच रीतीने घेऊन आला. अण्णा भाऊ साठे १ ऑगस्ट १९२० रोजी वाटेगावला जन्मले. तेव्हा वाटेगाव सातारा जिल्ह्यात होते. १९४९ साली दक्षिण सातारा वेगळा झाला, त्याचे १९६० साली सांगली असे नामकरण झाले. शाळा जवळजवळ नाहीच. बापाबरोबर पायी मुंबईला, मग गिरणी, मग लाल बावटा. ते कोणत्याही पलटणीत नव्हते. व्होल्गेच्या काठी कामगारांचे शहर फॅसिस्टांशी घराघरांतून लढत असल्याच्या बातम्या मुंबईच्या कामगार वस्तीत पोचल्या आणि या माणसाने स्टालिनग्राडचा पोवाडा रचला. पोवाड्याची रीत जुनीच, पेशव्यांच्या सरदारांपुढे चालत आलेली. फक्त नायक बदलला, आणि ऐकणारा बदलला. त्याच सुमारास इकडे सातारा भागात नाना पाटलांचे प्रतिसरकार चालू होते. १९४४ साली अमर शेख आणि गवाणकर यांच्याबरोबर लाल बावटा कलापथक उभे राहिले, आणि ज्या तमाशाला रंगभूमीच्या इतिहासाने दाराबाहेर बसविले होते तो लोकनाट्य होऊन मैदानात हजारोंच्या पुढे आला.

१९५९ साली 'फकिरा' प्रसिद्ध झाली. दुष्काळात आपली माणसे जगविण्यासाठी लूट करणारा, सरकारशी लढणारा आणि फाशी जाणारा मांग तिचा नायक आहे. वारणेच्या खोऱ्यातले हे युद्ध कोणत्याही स्तंभावर नाही. अण्णा भाऊंनी ती कादंबरी बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली.